लाल टोपी आणि चतुर्थीचा रविवार

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, मुलांना एकदा समुद्र दाखवायचाय, पण दोघंही लहान, धीर होत नाही." आणि मी कुकरच्या शिट्टीच्या गडबडीत "जा गं, काही होत नाही" म्हणून मोकळी झाले. रात्रभर ते मला लागून राहिलं. जावं तर नक्कीच, पोरांना समुद्र दाखवायलाच हवा. पण "काही होत नाही" हे समुद्राच्या बाबतीत कुणी कुणाला सांगू नये. म्हणून आज दुपारची कामं बाजूला सारून बसलेय. चहा घे आणि वाच.

आमचा थोरला पाच वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. नागावला गेलो होतो. आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान, सासूबाई-मामंजी. मोठी माणसं आठ आणि मुलं पाच. एवढी माणसं आहेत म्हणून मी निर्धास्त होते. कलिंगड कापायला बसले. फोडी करून झाल्या, मुलांना हाक मारली, चार आली. पाचवा नाही. आधी कुणालाच काही वाटलं नाही, असेल इथंच. मग "अरे, तुझ्याजवळ होता ना?" "छे, मला वाटलं तू बघतेयस." एकेक करून आठही जणांनी तेच सांगितलं, मला वाटलं तू बघतेयस. माझ्या पायातलं त्राण गेलं. समोर एवढा मोठा समुद्र आणि त्यात शेकडो डोकी, सगळी सारखीच दिसणारी.

बारा मिनिटांनी सापडला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत, मासळी वाळत घालणाऱ्या मावशींच्या शेजारी बसला होता. मावशींनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. खाली मान घालून शिंपले वेचत वेचत तो कितीतरी लांब गेला होता. त्याला आपण हरवलोय हेही माहीत नव्हतं. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "दर्याकडं पाठ करून बसू नये, बाय." मी त्यांच्या पाया पडले. आज त्याला अकरा वर्षं झाली, पण ती बारा मिनिटं आठवली की अजून काळजात धस्स होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक टोपी आहे. साधी लाल रंगाची, कडेला शिवण उसवलेली. ती ज्याच्या डोक्यावर, त्याने फक्त मुलांकडे बघायचं. फोन नाही, फोटो नाही, गप्पा नाहीत, खाणं नाही. त्याने बसायचंही नाही, पाण्यात घोट्याएवढं उभं राहायचं, मुलं आणि खोल पाणी यांच्या मध्ये. वीस मिनिटं झाली की टोपी काढून दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि तोंडाने सांगायचं, "आता तू." समोरच्याने "हो, आता मी" म्हटल्याशिवाय सुटका नाही. नुसती खूण करायची नाही. सुरुवातीला दीर हसले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनीच टोपी मागून घेतली. वीस मिनिटांच्या वर कुणाला ठेवू नकोस, कारण उन्हात चमकत्या पाण्याकडे बघून डोळे शिणतात आणि लक्ष आपोआप उडतं. आणि दोन्ही मुलं पाण्यात असतील तर दोन माणसं हवीत, एकाला एक. दोन वर्षांच्या बाळाला तर कुणीतरी हात लांबवला की हाती लागेल इतकंच अंतर ठेवायचं.

हे एवढं ताणून का सांगतेय? कारण बुडणारं मूल ओरडत नाही गं. सिनेमात दाखवतात तसं हात वर करून "वाचवा" म्हणत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, ओरडणार कुठून? मान मागे जाते, तोंड पाण्याच्या पातळीला येतं, हात पाणी खाली दाबत राहतात आणि लांबून वाटतं, खेळतंय. खेळणारी पोरं आवाज करतात. पाण्यातलं पोर गप्प झालं की धावायचं, मग ते गुडघाभर पाण्यात का असेना.

आता दिवस कुठला निवडायचा ते. तुम्ही दोघं सुट्टी बघता, हॉटेल बघता, हवामान बघता. त्याआधी तिथी बघ. भिंतीवरचं कालनिर्णय काढ. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, पहाटे तीनच्या सुमारालाही. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मिनिटाच्या हिशेबाने नाही जमत, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतं. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर मिळतं, तेही पडताळून घे.

याचा उपयोग काय, तर लहान मुलांना पाण्याशी खेळवायचं ते ओहोटी संपून भरती लागताना. ओहोटीचं पाणी आत ओढतं, पायाखालची वाळू सरकते, आणि तीन वर्षांच्या पोराच्या पावलांना ती ओढ पेलत नाही. भरती लागताना पाणी किनाऱ्याकडे येत असतं. सपाट किनाऱ्यावर तेव्हा लांबच लांब ओली, घट्ट वाळू मोकळी असते, मध्ये मध्ये घोटाभर पाण्याची डबकी साचलेली असतात, उन्हाने कोमट झालेली. धाकटीसाठी ते डबकं हाच समुद्र. तिला त्याच्या पुढे नेऊही नकोस. म्हणून मी चतुर्थी-पंचमीचा रविवार बघते. सकाळी नऊ-साडेनऊला ओहोटी संपते, दहा-साडेदहाला मुलं मजेत खेळत असतात, ऊन डोक्यावर येईपर्यंत पाणी पुरेसं चढतं आणि आपण सावलीत जायला मोकळे. पौर्णिमा-अमावास्या मात्र टाळ. तेव्हा उधाण असतं, भरतीला पाणी फार वर चढतं आणि ओहोटीला फार मागे जातं, ओढही तेवढीच जास्त.

आणि महिना? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपर्यंत चालेल. जूनपासून पाऊस जाईपर्यंत पाण्यात पाऊलसुद्धा नको, लांबून बघायलाही मुलांचा हात हातात धरून. ज्यांचं सगळं आयुष्य दर्यावर, ते कोळीसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. आपण कोण मोठे लागून गेलो? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे विषारी जीव वाहून येतात, ते वेगळंच. वाळूत पडलेले दिसतात आणि मुलांना हमखास उचलावेसे वाटतात. मेलेला असला तरी त्याचा दोरा डंख करतो. कधी लागलाच तर वाळूने चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेला दोरा न खरवडता चिमट्याने उचलून काढायचा आणि डॉक्टर गाठायचा.

जागा म्हणशील तर ठाण्याहून एका दिवसात जाऊन यायला मला अलिबागपलीकडची आक्षी आवडते. नागावपेक्षा गर्दी कमी, सुरूची झाडं आहेत, वाळू घट्ट. गाडीने वडखळवरून गेलीस तर जाताना ठीक, पण रविवारी संध्याकाळी येताना वडखळच्या कोंडीत मुलं रडून रडून अर्धी होतील. त्यापेक्षा गेटवेवरून मांडव्याची लाँच घे. तासाभराचा प्रवास, पुढे त्याच तिकिटावर अलिबागपर्यंत बस, आणि तिथून रिक्षा. गाडी हवीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, 2020 पासून, गाडीसकट. थंडीत लाँचच्या मागे कुरव पक्षी उडत येतात, मुलांना प्रवासाचा अर्धा आनंद तोच असतो. फक्त त्यांना चिवडा-कुरकुरे टाकू देऊ नकोस. ते त्यांचं अन्न नाही, आणि पोरं कठड्यावरून वाकतात.

हो, आक्षीत शिलाहार राजा केशिदेवरायाचा शिलालेख आहे, शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. थोरल्याला अक्षरं कळायला लागलीत ना? दोन मिनिटं उभं कर तिथे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत दगडावर लिहिलं, एवढं सांगितलंस तरी त्याच्या लक्षात राहील.

किनाऱ्यावर पोचलं की आधी वाळूकडे बघ. सुकलेलं शेवाळ, काटक्या, प्लास्टिक यांची एक वेडीवाकडी रेघ दिसेल. मागची भरती तिथवर आली होती. बैठक त्या रेघेच्या वर, सुरूच्या बाजूला. आणि छत्री-तंबू विकत घेत बसू नकोस, आईची एखादी जुनी सुती साडी घे. दोन सुरूंना पदर बांधायचा, खालची टोकं वाळूत पुरून वर दगड ठेवायचे. त्यातून वारा येतो, ऊन गाळून येतं, बाळ गाढ झोपतं. तीच साडी नंतर आडोसा होते, कपडे बदलायला. माझ्याकडची निळी इरकल याच कामाला आहे, तिचा एक काठ मिठाने पार कडक झालाय, धुतला तरी समुद्राचा वास जात नाही.

थोरल्याला कपडे घालशील ते भडक. केशरी, लाल, पोपटी. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात मिसळून जातो, दहा पावलांवरूनही दिसत नाही. निघताना दोघांचा एक फोटो काढ, त्या दिवशीच्या कपड्यांत. शोधायची वेळ आली तर "कसला शर्ट होता?" याचं उत्तर घाबरलेल्या आईला आठवत नाही, मला नव्हतं आठवलं. दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहायचा. आणि मुलाला सांगून ठेवायचं की हरवलास तर चालायचं नाही, जिथे आहेस तिथेच बस आणि लहान मूल बरोबर असलेल्या एखाद्या काकूला सांग. तुमच्यावर शोधायची वेळ आली तर आधी पाण्याच्या कडेला धाव, मग बाकी सगळीकडे. 112 नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

फुगवायची बदकं, टायर, चटया घरीच ठेव. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय? सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ते बदक बघता बघता आत जातं, पोर त्याच्या मागे आणि बाप पोराच्या मागे. त्यापेक्षा बादली, जुनी वाटी, चमचा आणि चहाची गाळणी दे. गाळणीवर आमचा धाकटा दोन तास खेळायचा. खड्डे खणू दे, पण मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको आणि त्यात झोपून अंगावर वाळू घ्यायची नाही. खोल खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि ओली वाळू फार जड असते. निघताना खड्डा बुजवायचा. घोडे, चार चाकांच्या त्या फटफट्या, केळ्यासारख्या बोटी यांच्या फंदात या वयाच्या मुलांना घेऊन पडू नकोस. उलट त्या गाड्या ओल्या वाळूवरून कुठून पळतात ते आधी बघ आणि मुलांची जागा त्यापासून लांब धर.

एक रिकामा पाच लिटरचा पाण्याचा कॅन, झाकण घट्ट लावून, हाताशी ठेव. कुणी ओढीत सापडलंच तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही, मोठ्या माणसानेही नाही. एकामागून एक बुडतात ते असेच. कॅन फेकायचा, तो धरून तरंगता येतं, आणि ओरडून गावातल्या माणसांना, जीवरक्षकांना बोलवायचं. आपणच ओढीत सापडलो तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, दमून जायला होतं. अंग सैल सोडून तरंगायचं आणि किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ अरुंद असते, तिच्या बाहेर पडता येतं. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो ना, तोच ओढीचा असू शकतो. अनोळखी लोक नेमके तिथेच उतरतात, शांत दिसतं म्हणून. गोव्यात लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं. आपल्याकडे सगळीकडे ती सोय नाही, म्हणून उतरण्याआधी गावातल्या एखाद्या माणसाला विचार, पाणी कुठे चांगलं. ते खरं सांगतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू. दशमी दुधात भिजवलेली असते, मऊ राहते. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट ने, मुलं मागत नाहीत, आपण घोटघोट पाजत राहायचं. तिथे शहाळी मिळतात. जेवण घरगुती खानावळीत, पण सकाळीच फोन करून सांग आणि मुलांसाठी बिनतिखटाचं वेगळं काढायला सांग. अकरा ते तीन उन्हात नको. टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा, आणि क्रीम लावायचं तर बाहेर पडायच्या आधी वीस मिनिटं, पुन्हा दर दोन तासांनी. सासूबाई येणार असतील तर एक घडीची खुर्ची घे. वाळूत खाली बसलं की त्यांना उठवत नाही, आणि मग त्या दिवसभर उभ्या राहतात, बोलत नाहीत.

आता खरं सांगू, समुद्रावर मुलांना सगळ्यांत काय आवडतं? लाटा नाहीत. लाटांना लहान मुलं घाबरतात, आणि घाबरलेल्या मुलाला उचलून पाण्यात नेऊन "बघ, काही होत नाही" म्हणणाऱ्या काकांना तू स्पष्ट नाही म्हण, वाईट दिसलं तरी चालेल. माझ्या पुतणीला असंच कुणी नेलं, ती पुढे चार वर्षं पाण्याजवळ गेली नाही. मुलांना आवडतं ते ओहोटीने मोकळी केलेली ओली वाळू. तिच्यावर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसेल, एका छोट्या बिळाभोवती किरणांसारखी पसरलेली. ती एका इवल्याशा खेकड्याने घातलेली असते. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. एक एक, ओळीने. भरती आली की सगळी पुसली जाते, पाणी उतरलं की तो पुन्हा सुरू. मुलांना घेऊन तिथे पाच मिनिटं अगदी न हलता उकिडवी बस. आधी सगळे बिळात पळालेले असतात. मग एक डोळा वर येतो. मग एक नांगी. आमचा धाकटा श्वास रोखून बसायचा, त्याचे कान लाल व्हायचे. एरवी एक मिनिट एका जागी न बसणारं पोर गं.

शंख-शिंपले वेचू दे, पण प्रत्येक शंख उलटा करून बघायला शिकव. आत पाय दिसले तर तो कुणाचं तरी घर आहे, परत ठेवायचा. मुलांना हे सांगावं लागतं, पण एकदा सांगितलं की तीच आपल्याला बजावतात.

दोन-अडीचला आवरायला घे, मुलं रडायला लागायच्या आधी. वाळू ओल्या अंगाची निघत नाही, पुसून पुसून कातडी लाल होते. अंग वाऱ्यावर कोरडं होऊ दे, मग जुन्या मोज्यात कॉर्नफ्लोअर भरून त्याने पायांवर, पाठीवर थापट, वाळू आपोआप झडते. तोंडाजवळ नको. डायपर मात्र आधी काढ, आतल्या वाळूने बाळाला फार काचतं. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, प्यायच्या पाण्याची धार सोडायची. किनाऱ्याजवळच्या घरांतून पैसे घेऊन गोड्या पाण्याच्या बादल्या देतात, दोन घे. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत, हे तुला सांगायला नको. हंगाम आणि वेळ असेल तर वाटेत पांढऱ्या कांद्याची माळ घे, अलिबागचा तो कांदा गोड असतो.

एक राहिलं, आणि हे मी फक्त तुला सांगतेय असं समज. टोपी सुरू केली ती पोरांच्या काळजीने, पण पहिल्यांदा ती माझ्या डोक्यावरून नणंदेच्या यजमानांकडे गेली ना, तेव्हा मला कळेना, आता मी काय करू. इतकी वर्षं समुद्रावर गेले ते दुसऱ्यांच्या चपला सांभाळत, टॉवेल धरत, मान सतत वळवत. त्या दिवशी मी साडी पोटरीपर्यंत खोचून पाण्याच्या कडेने एकटीच चालत गेले. पायाखालून वाळू सरकत होती. मागे वळून बघितलं नाही, कारण लाल टोपी तिथे आहे हे माहीत होतं. परत आले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि कुणाला काही सांगता आलं नाही.

म्हणून तुला बजावते, टोपी तू एकटीने घालून बसू नकोस. "तूच बघ, तुला बरोबर कळतं" असं तुला सगळे म्हणतील. नवऱ्याला दे, दिराला दे, मामंजींची नजर चांगली आहे, त्यांनाही दे. पाळी लावूनच घरातून निघ, पहिली कुणाची, दुसरी कुणाची. तुझी वीस मिनिटं संपली की टोपी त्यांच्या हातात ठेव, "आता तू" म्हण, आणि पाण्यात जा.